तळमजला, तिसरा मजला आणि एक सुपरनोड

"मामा, सुपरनोड म्हणजे काय रे?"

भाचीनं एवढंच विचारलं, आणि मामांच्या हातातली इस्त्री शर्टाच्या खिशावर जिथल्या तिथे थांबली. मामा विचार करत असल्याचा चेहरा करून उभे राहिले. चेहरा चांगला जमला होता, फक्त खिशातून धूर यायला लागला.

"तुमचा नोड जळतोय," मामी स्वयंपाकघरातून म्हणाली.

आता मामांची अडचण समजून घ्या. अख्ख्या बिल्डिंगमध्ये त्यांना 'इंजिनिअरसाहेब' म्हणतात. डिप्लोमाचं सर्टिफिकेट दारासमोरच्या भिंतीवर अशा उंचीवर टांगलंय, की पार्सल द्यायला आलेल्या माणसालाही वाचल्याशिवाय सही घेता येत नाही. पण डिप्लोमा झाल्यापासून मामांचा सगळा काळ विमा कंपनीत गेला, चोरीला गेलेल्या स्कूटरींचे दावे नामंजूर करण्यात. विजेशी त्यांचा शेवटचा संबंध आला तो जिन्यातला दिवा लागत नव्हता तेव्हा. मामांनी स्टुलावर चढून बल्ब घट्ट पिळला. दिवा लागला. तेव्हापासून साहेब.

आणि भाची काही गंमत म्हणून विचारत नव्हती. सर्किटचा पेपर तिचा दोनदा गेला होता. तिसरी वेळ पुढच्या आठवड्यात होती. तिच्या वडिलांचं, म्हणजे दाजींचं, कुलपांचं दुकान. दाजींनी आरडाओरडा केला असता तर परवडलं असतं. पण त्यांनी जेवता जेवता शांतपणे सांगितलं, "या वेळी गेला विषय तर कॉलेज पुरे. दुकानात गल्ल्यावर बस."

"नुसतं बोलून थांबले नाहीत ना," भाची म्हणाली. "गल्ल्याच्या खुर्चीला नवीन गादी शिवून आणलीये. मामा, गादीला झालर आहे."

मामा हादरले. झालर लावलेली गादी म्हणजे माणूस मनातून ठरवून बसलाय.

"तुझी गाडी अडते कुठे ते सांग," त्यांनी जळका शर्ट पाठीमागे लपवत विचारलं.

"बॅटरीपाशी. दोन नोडच्या मध्ये रेझिस्टन्स असला की मला येतं. दोन्हीकडच्या व्होल्टेजमधला फरक घ्यायचा, ओहमनं भागायचं, झाला करंट. पण मध्ये नुसती बॅटरीच असली की तिला रेझिस्टन्सच नसतो. मग कशानं भागू?"

"मग तू काय केलंस?"

"एक ओहम धरला. दया म्हणून."

"आणि?"

"पेपर तपासणाऱ्यांनी नाही दाखवली दया."

मामांनी तिचं पुस्तक ठेवून घेतलं. उद्या सांगतो म्हणाले. दुसऱ्या दिवशी विमा कंपनीत स्कूटरच्या एका फायलीखाली ते पुस्तक उघडं होतं, आणि जेवणाच्या सुट्टीत अचानक मामांना ते कळलं. कळलं म्हणजे, इतकं साधं निघालं की मामा खुर्चीत मागे टेकून बसले आणि त्या धक्क्यात त्यांनी एक दावा मंजूर करून टाकला.

नोड म्हणजे तारांचा नाका. नाक्यावर जेवढा करंट येतो तेवढाच पुढे जातो, मुक्कामाला कुणी राहत नाही. बॅटरी दोन नाक्यांच्या मध्ये बसली की ती फक्त एक गोष्ट सांगते, या नाक्यापेक्षा तो नाका पाच व्होल्टनं उंच. तिच्या पोटातून किती करंट चाललाय हे विचारलं की तोंडातून शब्द नाही. मग विचारायचंच नाही. दोन्ही नाके आणि मधली बॅटरी, सगळ्यांभोवती मिळून एक रिंगण काढायचं. याचंच नाव सुपरनोड. रिंगणाच्या कडेवर उभं राहायचं आणि आत किती शिरले, बाहेर किती पडले एवढंच मोजायचं. हे झालं एक समीकरण. दुसरं समीकरण बॅटरीनं आधीच सांगितलेलं, दोन नाक्यांमधला फरक. दोन अज्ञात, दोन समीकरणं, खेळ खलास.

संध्याकाळी मामांनी हे सगळं भाचीला कागदावर समजावलं. तिनं मान हलवली. मामांनी दुसरं गणित घातलं. तिनं बॅटरीला एक ओहम दिला.

"परत दया?"

"हात आपोआप जातो रे."

मामा वैतागून खाली दूध आणायला निघाले आणि लिफ्टपाशी येऊन थबकले.

ही लिफ्ट म्हणजे एक प्रकरण होतं. गेले कित्येक महिने ती फक्त तळमजल्यावर आणि तिसऱ्या मजल्यावर थांबायची. मधली दोन बटणं आत गेली ती गेलीच. पहिल्या मजल्यावरच्या काकू, ज्यांना सगळे गुडघेवाल्या काकू म्हणतात, त्या बाजारातून आल्या की लिफ्टनं तिसऱ्यावर जायच्या आणि दोन मजले जिना उतरून घरी यायच्या. चढण्यापेक्षा उतरणं बरं, असं त्यांचे गुडघे म्हणायचे. मामा स्वतः दुसऱ्यावर, तेही एक मजला उतरून घरी येत. शिवाय लिफ्टच्या दाराला काच नाही, आकडा दाखवणारा दिवा कायम तीनवर अडकलेला, त्यामुळे आत कोण आहे, किती आहेत, चाललेत की आलेत, बाहेरून काही म्हणजे काही कळायचं नाही.

दोन नाके. मध्ये ठरलेला फरक. पोटात काय चाललंय पत्ता नाही.

मामा दूध विसरून वर पळाले. जिन्यानं.

"माणसं हा करंट," ते धापा टाकत म्हणाले. "लिफ्ट ही बॅटरी. रविवारी सकाळी अख्खी बिल्डिंग चालवून दाखवतो तुला. तू कडेवर उभं राहून मोज. बघू लिफ्टला कसा ओहम देतेस."

मामीनं कपाळाला हात लावला. पण तोवर बातमी जिन्यातून खाली गेली होती, आणि खालून सल्ले वर यायला लागले होते. पहिल्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर म्हणाले, "आधी थोडी भूल देऊन मग शिकवा. त्रास दोघांनाही कमी होतो." गुडघेवाल्या काकू म्हणाल्या, "मला करंट नका करू हो. बल्ब करा. तो बसून असतो." मामांनी सांगितलं की या सर्किटमध्ये बल्ब नाही. काकू दुखावल्या. मग मामांनी सर्किटमध्ये बल्ब घातला. त्याला काही काम नव्हतं, पण खुर्ची टाकून तो मुख्य दाराबाहेर बसणार होता.

खरा अडथळा तिसऱ्या मजल्यावर राहत होता. सोसायटीचे सेक्रेटरी. हा माणूस घरात चहा मागायचा तोसुद्धा विषय आणि संदर्भ घालून मागत असणार, असं मामीचं मत होतं. मामा रीतसर अर्ज घेऊन गेले. सेक्रेटरींनी तो उभ्याउभ्या वाचला आणि चष्मा काढला.

"तुम्ही लिहिलंय, रहिवासी विद्युतप्रवाह म्हणून ये-जा करतील."

"हो."

"नियमावलीत रहिवासी हा रहिवासी आहे. त्याला विद्युतप्रवाह करायचं तर सर्वसाधारण सभेचा ठराव लागेल. भाडेकरूला करायचं तर मालकाचं ना-हरकत पत्र."

"अहो, पोरीचं वर्ष जाईल."

"लिफ्टही जाईल. परवानगी नाही."

दुसऱ्या दिवशी तळमजल्यावर सूचना लागली. लिफ्ट सुस्थितीत आहे. ती केवळ जाण्या-येण्यासाठी वापरावी. मामांनी ती नीट वाचली आणि भाचीला म्हणाले, "वाच. आपण जाणार आणि येणारच आहोत. ही परवानगीच झाली."

रविवारी सेक्रेटरी सकाळीच घराला कुलूप लावून कुठेसे गेले. तिसऱ्या मजल्यावरचं दुसरं घर रिकामंच. मैदान साफ. मामांनी खडूनं रिंगणाच्या कडा आखल्या. तीन जागा. एक, मुख्य दार, जिथून माणूस तळमजल्यावर येतो. दोन, जिन्याची पहिली पायरी, जिथून तो पहिल्या मजल्याकडे जातो. तीन, जिन्याची शेवटची पायरी, जिथून तो तिसऱ्यावर पोचतो. या तीन रेषांच्या आत तळमजला, तिसरा मजला आणि मधली लिफ्ट. म्हणजे सुपरनोड.

मुख्य दारावर वॉचमन. पहिल्या पायरीपाशी डॉक्टर. शेवटच्या पायरीवर मामी, कपडे वाळवायचे चिमटे घेऊन. शिरला माणूस की एक चिमटा उजव्या खांद्यावर, बाहेर पडला की डाव्या.

वॉचमनला मामांनी बाजूला घेऊन समजावलं. "हे बघ, चेहरा बघायचा नाही. तू चेहरा बघितलास की सलाम करतोस, सलाम केलास की मोजायचं राहतं. करंटला चेहरा नसतो. फक्त पाय बघायचे."

"फक्त पाय," वॉचमन म्हणाला आणि त्यानं मान खाली घातली ती घातलीच.

अकरा शेजारी गोळा झाले होते. शिट्टी वाजली आणि करंट सुरू झाला. काही जण मुख्य दारातून शिरून लिफ्टनं वर गेले आणि जिन्यानं उतरायला लागले. काही जिन्यानं चढून लिफ्टनं खाली आले आणि मुख्य दारातून बाहेर पडून परत फिरून आत घुसले. सुरुवातीला लाजत होते, मग रंगले. एक-दोन जण तर वेगानं वाहायला लागले. डॉक्टर ओरडले की जिन्यात धावायचं नाही, रेझिस्टन्सला काही मान आहे की नाही. गुडघेवाल्या काकू बाहेर खुर्चीवर बसून प्रत्येक जण जवळून गेला की "पेटले" असं म्हणत होत्या.

मामा पोर्चमध्ये उभे राहून हे बघत होते. डिप्लोमा घेताना झाला नव्हता एवढा अभिमान त्यांना आत्ता झाला.

दुसरी शिट्टी. सगळे बाहेर अंगणात. लिफ्टसमोरची जागा रिकामी, तिसरा मजला रिकामा, मामीनं वरून ओरडून सांगितलं. भाचीनं तिघांचे आकडे घेतले, बेरीज केली, परत केली.

"आत शिरले एकतीस," ती म्हणाली. "बाहेर पडले तीस."



मामांनी माणसं मोजली. अकरा. परत मोजली, या वेळी प्रत्येकाच्या डोक्याला हात लावून. अकराच. सगळे हजर, कुणी कमी नाही, आणि रिंगणात एक माणूस जास्त.

"इंजिनिअरसाहेब," डॉक्टर म्हणाले, "तुमच्या कायद्यानं एक माणूस गिळला की."

"आमचा कुणी गेला नाही ना, मग झालं," कुणीतरी म्हणालं.

"वॉचमन झोपला असेल."

"मी पाय बघत होतो," वॉचमन म्हणाला. त्याची मान अजून खालीच होती.

 अकरा माणसांसमोर, एका बल्बसमोर, भर रविवारी मामांची अब्रू चालली होती. त्यांनी हातावरचा खडू झटकला. "प्रयोग म्हटला की थोडी गळती धरावी लागते. तीस काय, एकतीस काय..."

"गळती नाही धरायची," भाची म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं. मामांनीही. पोरगी कागदावर बोट ठेवून उभी होती आणि बोट हलत नव्हतं.

"एक माणूस आत आहे."

"अगं, मी मोजले सगळे. अकरा."

"तू आपले मोजलेस मामा. करंट सगळा आपलाच असतो असं कुठे लिहिलंय? शिरला तो बाहेर पडला नाही म्हणजे आत आहे. तळमजल्यावर नाही, तिसऱ्यावर नाही. मग राहिलं काय?"

सगळ्यांच्या माना एकदम लिफ्टकडे वळल्या.

मामांनी बटण दाबलं. काही नाही. परत दाबलं. वर दिवा तीनच दाखवत होता, पण तो मागच्या वर्षीपासून तीनच दाखवत होता.

"शेवटचे पाय कसले होते?" भाचीनं वॉचमनला विचारलं.

"काळे बूट. चकचकीत."

प्रत्येकानं आपापल्या पायांकडे बघितलं. सगळ्या चपला. रविवारी सकाळी पॉलिश केलेले बूट घालणारा माणूस या बिल्डिंगमध्ये एकच होता, आणि तो कुणालाही पकडायला जाताना बूट घालूनच जायचा.

भाचीनं लिफ्टच्या दारावर टकटक केली. "काका, आत आहात का?"

तिनं परत टकटक केली. मग वरून, पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मधून कुठूनतरी, आवाज आला.

"नाही."

गुडघेवाल्या काकू खुर्चीवरून उभ्या राहिल्या. गुडघ्यांना न विचारता.

"सेक्रेटरीसाहेब," मामा ओरडले, "अडकलात काय?"

"लिफ्ट सुस्थितीत आहे," आवाज म्हणाला. "मी पाहणी करतो आहे."

"मग घंटा का नाही वाजवली?"

"घंटेच्या दुरुस्तीचा प्रस्ताव विचाराधीन आहे."

तो कुणाच्या विचाराधीन होता हे विचारायची गरज नव्हती. बिनपरवानगी प्रयोग करताना मामांना लिफ्टमध्येच धरायचं म्हणून साहेब गुपचूप परतले होते, घोळक्याआडून शिरले होते, आणि आपणच लावलेल्या सूचनेच्या वरच्या बाजूला लटकत होते. हाक मारली तर लिफ्ट बिघडली असं कबूल करावं लागलं असतं. ते संध्याकाळपर्यंत तसेच उभे राहिले असते.  अकरा शेजारी तीस काय, एकतीस काय, म्हणून आपापल्या घरी गेले असते.

मामांनी लिफ्टवाल्या कंपनीला फोन लावला. त्यांचा माणूस यायला वेळ होता. गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत जा, मग फोनवर सांगतो म्हणाला.

"खोलीची किल्ली कुणाकडे?" मामांनी विचारलं.

"माझ्याकडे," लिफ्ट म्हणाली.

 भाचीनं कुलपांच्या माणसाला, म्हणजे वडिलांनाच, फोन लावला.

दाजी पिशवी घेऊन आले. मुलगी अभ्यास करतेय या समजुतीत होते. ती अंगणात खडू घेऊन उभी, भोवती बिल्डिंग गोळा, हे बघून त्यांचा चेहरा कसनुसा झाला. पण कुलूप म्हटल्यावर आधी कुलूप. गच्चीवर जाऊन त्यांनी ते हातात तोललं. "माझ्याच दुकानातलं आहे. वेळ लागेल. चांगलं आहे." आणि खरंच वेळ लागला.

दार उघडल्यावर फोनवरचा माणूस सांगत गेला. मामांनी मेन स्विच बंद केला, डॉक्टरांनी ब्रेकचा दांडा धरला, मामांनी चाक फिरवलं. खालून आवाज आला, "वर का नेताय? अडकल्यावर मी खालचं बटण दाबलं होतं." मामांनी चाक उलटं फिरवलं. थोड्या वेळानं तळमजल्यावर दार उघडलं आणि सेक्रेटरी बाहेर आले. शर्ट घामानं भिजलेला, बूट चकचकीत. कुणाकडेही न बघता त्यांनी भिंतीवरची सूचना काढली, घडी घातली, खिशात ठेवली आणि जिना चढायला लागले.

पहिल्या पायरीवर थांबले. "एकतीस, तीस," ते भाचीकडे न वळता म्हणाले. "मी आतून ऐकत होतो. तुम्ही तीसवर तडजोड केली नाहीत." आणि गेले.

दाजी पिशवीत हत्यारं भरत होते. हात थांबला.

"आत माणूस आहे हे कुणाला कळलं?"

"तुमच्या लेकीला," मामी म्हणाली.

"दार न उघडता?"

"कडेवर मोजलं, बाबा," भाची म्हणाली. "आत बघायची गरज नसते."

दाजींचा जन्म बंद दारांपुढे गेला होता. त्यांच्या धंद्यात आत काय आहे हे कळायला दार उघडावं लागतं, त्याचेच पैसे मिळतात. त्यांनी मुलीकडे असं बघितलं, जणू तिनं किल्लीशिवाय काहीतरी उघडलंय आणि नक्की काय ते त्यांना दिसत नाहीये.

"बरं," ते म्हणाले. "पेपर होऊ दे."

पेपरच्या दिवशी मामा रजा टाकून कॉलेजच्या फाटकाशी उभे होते. थोड्या वेळानं शेजारी दाजी येऊन उभे राहिले. दोघांनी एकमेकांना आपण सहज आलोय असं सांगितलं.

भाची बाहेर आली. हातात प्रश्नपत्रिका.

"आला होता का?" मामांनी विचारलं.

"आला. दहा मार्कांचा. बॅटरीतून किती करंट जातो ते काढायचं होतं. दोन ॲम्पिअर आलं."

"ओहम?"

"नाही दिला."

दाजींनी तिच्या हातून प्रश्नपत्रिका घेतली आणि ती मामांपुढे धरली. "मेहुणे, मला यातलं काही कळत नाही. तुम्ही इंजिनिअर. बरोबर आहे का, तेवढं सांगा."

मामांनी पेन काढलं. कागद नव्हता म्हणून तळहातावर गणित मांडलं. रिंगण काढलं, समीकरण लिहिलं, सोडवलं. उत्तर आलं साडेतीन.

मामांनी आकडा परत वाचला. त्यांनी पोरीकडे बघितलं. ती त्यांच्याकडे बघत होती, शांतपणे. झालर लावलेली गादी मामांच्या डोळ्यांपुढे आली. त्यांनी परत हाताकडे बघितलं. साडेतीन. तळहाताला घाम सुटायला लागला, आणि आकडे पसरायच्या आत मामांना ते दिसलं. दुसरं समीकरण त्यांनी लिहिलंच नव्हतं. बॅटरीच्या दोन्ही टोकांना त्यांनी एकच व्होल्टेज धरलं होतं. त्यांच्या हिशेबात तळमजला आणि तिसरा मजला एकाच उंचीवर आले होते.

"तिचं बरोबर आहे," मामा म्हणाले.

"नक्की?"

"नक्की."

"तुमचंही तेच आलं?"

"तेच," मामा म्हणाले आणि हात खिशात घातला.

भाचीनं खिशाकडे बघितलं, मग मामांकडे, आणि ओठ दाबून दुसरीकडे बघायला लागली.  दाजींनी प्रश्नपत्रिकेची घडी घातली, उलगडली, परत घातली.

"मग गल्ल्यावर दुसरा माणूस बघायला पाहिजे," शेवटी ते म्हणाले. "शिकलेला. हिशेबाला पक्का."

"बघा की," मामा खुशीत म्हणाले. "मिळेल कुणीतरी."

दाजींनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"मेहुणे, तुम्हाला रविवारी सुट्टी असते ना?"